पाडव्याला सुटलेला सालगडी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुदखेड तालुक्यातील एक शेतमालक आपल्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्याजवळ, बेशुद्ध आढळला. डोक्यामागे खोल जखम होती. त्याला नांदेडच्या रुग्णालयात हलवले. फिर्याद पुतण्याने दिली. सालगडी कालपासून गायब आहे, त्यानेच मारून पळ काढला, असे त्याचे म्हणणे होते. तपास माझ्याकडे होता. कागदावर ‘संशयित फरार’ हे शब्द मीच लिहिले.

सालगड्याच्या मोबाईलचे ठिकाण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिळाले. मी आणि मूळचा लातूरकडचा एक हवालदार साध्या वेषात निघालो. स्थानिक ठाण्यात नोंद केली आणि तीन दिवस बाहेरगावचे मजूर राबतात त्या चिऱ्याच्या खाणी पालथ्या घातल्या. वरिष्ठांचा फोन दर दोन तासांनी येई. प्रश्न एकच, आरोपी मिळाला का?

चौथ्या दिवशी दुपारी हवालदार म्हणाला, “साहेब, उद्या रिकाम्या हातानं जायचंच हाय, तर दर्या तरी बघू. घरी पोरं इचारतील.”

कड्यावर पर्यटकांसाठी जागा केली होती. खाली दूरवर समुद्र, डावीकडे माडांची रांग. वारा अंगावर येत होता. आठवड्यात पहिल्यांदा मी फोन खिशात ठेवला. शेजारी चिऱ्याच्या कठड्याचे काम चालू होते. तिकडून आवाज आला, “लई वारं सुटून राह्यलंय, सिमिट उडालं बघ, पाणी मार!”

हवालदाराने मान न वळवता सांगितले, “साहेब, हे आपल्याकडचं हाय.”

ओरडणाऱ्याचा चेहरा आमच्याजवळच्या फोटोशी जुळला. हवालदार जवळ गेला. “कोणतं गाव, पाव्हणं?” त्याने गाव सांगितले, नावही सांगितले. पळून आलेला माणूस इतक्या सहज गाव सांगत नाही. मी ओळखपत्र दाखवले आणि थेट विचारले, “मालकाला मारून इथे लपलास?”

“मारलं? कुणी?” तो वाळूच्या ढिगावर खाली बसला. “मालक हाईत ना, साहेब?”

“मग न सांगता का निघालास?”

“न सांगता कसा? पाडव्याला माझं साल सरलं. नव्या गड्याला बैल, औत, दोरखंड, समदं मोजून दिलं. मालकीणबाईनं पोळ्या बांधून दिल्या. दुपारच्या गाडीला मुदखेडला गेलो.”

हवालदार माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “पाडव्याला साल सरतंच की, साहेब.”

आमच्या भागात सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते आणि नवा गडी त्याच दिवशी कामावर येतो. हे मला ठाऊक होते. तारीख माझ्याच पंचनाम्यात होती. तरी फिर्यादीचे म्हणणे मी जसेच्या तसे उचलले होते. मालकीणबाई रुग्णालयात नवऱ्याजवळ होती, तिचा जबाबही मी घेतला नव्हता. त्यानंतरच्या नोकरीत ‘फरार’ हा शब्द मी नुसत्या फिर्यादीवरून कधी लिहिला नाही.

“समदं दिलंस?” हवालदाराने विचारले.

“कुऱ्हाड सोडून. दांडा ढिला झालाय, बसवून आणतो म्हणून पुतण्या घेऊन गेला.”

परत येताच नव्या गड्याचा जबाब घेतला. त्यानेही तेच सांगितले. आठ दिवस गप्प का बसलास, असे विचारल्यावर तो म्हणाला, “मला कुणी इचारलंच न्हाई, साहेब.” सणाच्या जेवणासाठी तो पाडव्याच्या संध्याकाळी घरी गेला होता. डॉक्टरांच्या मते मारहाण संध्याकाळचीच होती. मुदखेड स्थानकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात सालगडी पाडव्याच्या दुपारी गाडीत चढताना दिसला.

कुऱ्हाड विहिरीजवळच्या पुतण्याच्या मोटारीच्या खोलीत मिळाली. तिच्या तुंब्यावर, पात्यामागच्या बोथट बाजूवर, रक्त होते. दुसऱ्या दिवशीच्या चौकशीत त्याने सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्याचे कबूल केले. तीन आठवड्यांनी मालक शुद्धीवर आला आणि त्याने पुतण्याचेच नाव घेतले.

सालगड्याचे नाव संशयितांतून काढले. खटल्यात तो सरकारी पक्षाचा दुसरा साक्षीदार होता. साक्षीसाठी तो कोकणातून आला. उलटतपासणी तासभर चालली. पुतण्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी सालगडी न्यायालयात नव्हता. तो कामावर होता.