पाणी पाहून रडलेला माणूस

ठाण्याच्या पायरीवर पदर सावरून बसलेली ती बाई अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कोयत्याने तोडलेली माणसं पाहिली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. या प्रकरणात कोणी कोणावर हातसुद्धा उगारला नव्हता, आणि तरी त्याच्याइतका धक्का मला दुसऱ्या कशाने बसलेला नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या अंगाला एका मोठ्या गावी मी ठाणेदार होतो. त्या वर्षी गावातली काही म्हातारी मंडळी हजला निघाली होती. मुंबईहून बोट, पुढे अरबस्तानचं वाळवंट. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात यवतमाळच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. त्यांना नेणार होते एक मुकादम. पूर्वी सागवानी लाकडाचे ठेके घ्यायचे, स्वतःचा ट्रक होता, आता सगळं सोडून देवाधर्माला लागले होते. तरुणपणी आपल्या वडिलांना घेऊन ते एकदा जाऊन आले होते, त्यामुळे गावात शब्दाला वजन. भांडण मिटवायचं असलं की माझ्याआधी लोक त्यांच्याकडे जात, आणि खरं सांगायचं तर माझं कामही त्यामुळे हलकं होई.

यात्रेच्या परवान्यासाठी पोलिसांची चौकशी लागे. एकेकाला ठाण्यात बोलावण्यापेक्षा मीच मशिदीमागच्या आवारात गेलो, कारण दर शुक्रवारी नमाजानंतर मुकादम तिथे सगळ्यांची तयारी करून घेत. लिंबाखाली सतरंजी, आणि मास्तरांपुढे पोरं बसावीत तशी पांढऱ्या दाढ्यांची माणसं बसलेली. शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रं कशी नेसायची, चालताना सुटू नयेत म्हणून वरून पट्टा कसा बांधायचा, हे ते स्वतः नेसून दाखवत. देवीची लस आणि पटकीची सुई वेळेत टोचून घ्या, हात सुजला तर बोंबलू नका. सातूचं पीठ, फुटाणे, गूळ, लिंबाचं लोणचं घ्या, बोटीवर पोट ढवळतं तेव्हा लोणच्याशिवाय काही गोड लागत नाही. छत्रीच्या टोकाला सगळ्यांनी एकाच रंगाची चिंधी बांधा, लाखोंच्या गर्दीत तीच आपली खूण. आणि छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, ती प्रत्येकाने स्वतःची घ्यायची. एकात दोघांनी भागवायचं नाही.

एक म्हातारा हसून म्हणाला की आम्ही वऱ्हाडातले, वैशाखात उघड्या डोक्याने वखर हाणतो, आम्हाला उन्हाचं काय शिकवता. मुकादम हसले नाहीत. सावकाश म्हणाले, "ऊन लागलं ना, का पह्यले घाम बंद होते. आंग तव्यासारखं तापते. मंग मानूस भलतंच बोलते, घरच्या मानसाले हाका मारते. त्याच्यापासून हलू नका. सावलीत घ्या, फडकं ओलं करून आंगावर टाका, पानी ओठाले लावा. त्याले सोडून जाऊ नका."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. अरबस्तानात असं कोणी पाहिलं का, म्हणून एकाने विचारलं. ते म्हणाले, "हो, तिकडंच पाह्यलं." मी मनात म्हटलं, माणूस असावा तर असा. दाखला देताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

निघायच्या आधी यात्रेकरूंची एक रीत असते. ते घरोघर जाऊन, ओळखीच्या प्रत्येकाला, जात-धर्म न पाहता, 'कहा-सुना माफ करो' म्हणतात. माणसाचा केलेला गुन्हा माणसानेच माफ केला पाहिजे, तो देव परस्पर माफ करत नाही, असं ते मानतात. मला ही रीत फार आवडे. मुकादम माझ्याकडेही आले, जमादाराकडे गेले, शिंप्याकडे, न्हाव्याकडे गेले. सगळ्यांनी हसून माफ, माफ म्हटलं आणि चहा पाजला.

त्यानंतर ती बाई आली. गावाबाहेरच्या तांड्यावरची बंजारा बाई, चाळिशीच्या आतबाहेरची. दंडापर्यंत पांढऱ्या चुड्या भरलेल्या. तांड्यात या चुड्या नवरा असेपर्यंत असतात, तो गेला की उतरतात. तिचा नवरा मुकादमांच्या ट्रकवर हमाल होता. सात-आठ वर्षांपूर्वी तो घरी परतला नाही. मजुरी घेऊन एका बाईसोबत हैदराबादकडे निघून गेला, ही बातमी तांड्यावर खुद्द मुकादमांनीच आणली होती. तेव्हापासून तिला ना सवाष्णीचा मान, ना विधवेची कीव. नवरा टाकून गेलेली, म्हणजे हिच्यातच काही खोट असणार, असं बोलायला लोक मोकळे. तिने चुड्या मात्र उतरवल्या नव्हत्या.

मुकादम तिच्याही दारी गेले होते. ती मला म्हणाली, "तो म्हने माफ कर. म्या म्हनलं, बापू, तुनं आमचं काय वाईट केलं? तर बोलेच ना. आमच्या तांड्यात नायकापुढं पह्यले गुन्हा सांगा लागते, मंग माफी. तो मोठा मानूस, देवाले चालला, म्हून म्या म्हनलं, जा, माफ."

जमादार माझ्याकडे पाहून हसला. त्याने तिला समजावलं की ही त्यांची रीत आहे, ते सगळ्यांकडेच जातात, आमच्याकडेही येऊन गेले. बाई शांतपणे म्हणाली, "तुमी इचारलं का त्याले, कायची माफी म्हून?"

आम्हीच काय, गावात एकानेही विचारलं नव्हतं. विचारायचं नसतंच.

मग ती पुढचं बोलली. आल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून तिने तांब्या पुढे केला होता. मुकादमांनी तो हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि त्यांचे हात असे कापू लागले की पाणी धोतरावर सांडलं. उंबऱ्यावर बसून ते रडले आणि न पिता निघून गेले. "माफी मागताना नाई रडला साहेब. पानी पाहून रडला."

पोलिसाला अनुभवाने एक गोष्ट कळते. खोटं बोलणाऱ्याचे शब्द पाठ असतात, पण हातपाय त्याचं ऐकत नाहीत. मी स्टेशन डायरीत साधी नोंद घेतली आणि बाईला परत पाठवलं. संशय म्हणावा असं हाती काही नव्हतं, आणि माणूस असा की त्याच्यावर संशय घ्यायची मलाच लाज वाटत होती. तरी डोक्यात तो लिंबाखालचा धडा घोळत राहिला. घाम बंद होतो, अंग तापतं, माणूस घरच्यांना हाका मारतो. हे ऐकीव नव्हतं.

मुकादमांच्या त्या जुन्या हजयात्रेला त्यांच्यासोबत गेलेलं गावात एकच माणूस उरलं होतं, एक म्हातारे बागवान. बाजारात केळी विकायचे आणि या वर्षी पुन्हा निघाले होते. मी केळी घ्यायच्या निमित्ताने त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि सहज विचारलं, चाचा, मागच्या खेपेला उन्हाने फार हाल झाले असतील ना. ते हसायला लागले. "गर्मी कायकी साहब? लढाई शुरू होने के पयले का जाडा था वो. रात को कंबल वढ के सोते थे हम."

मला क्षणभर उलगडेना. मग त्यांनीच सांगितलं, आमचे महिने चंद्रावर चालतात, हज दरवर्षी थोडी अलीकडे सरकते, तेव्हा ती ऐन हिवाळ्यात आली होती, आता उन्हाळ्यात येते. त्यांच्या जथ्यात ऊन लागून कोणी मेलं का? कोणाला साधी भोवळसुद्धा आली नव्हती. केळी तिथेच विसरून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी मुकादमांना बोलावलं. कोठडी दाखवली नाही, आवाज चढवला नाही, खुर्ची दिली. शिपायाने नेहमीप्रमाणे पाण्याचा पेला आणून ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि हळूच दूर सारला. मी एवढंच म्हणालो, "मुकादम, तुमची यात्रा हिवाळ्यात झाली होती. मग ऊन लागून मेलेला माणूस तुम्ही पाहिलात कुठे?"

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं जबाबात उतरवून घेतलं.

वैशाखाचे दिवस होते. परवान्याबाहेर तोडलेलं सागवान ट्रकमध्ये भरून ते दोघेच जंगलाच्या रस्त्याने निघाले होते. एका नाल्यापाशी ट्रकचा आस तुटला. नाला कोरडा, सोबत एकच छागल. हमालाला आधीच ऊन लागलेलं, तो ट्रकच्या सावलीत पडून बायकोला हाका मारत होता. चोरीचा माल सोडून दोघांनी निघायचं म्हणजे माल जाणार, आणि कोणी पाहिलं तर ठेकाही जाणार. म्हणून त्याला राखणीला ठेवून हे मदत आणायला निघाले. त्याने पाणी मागितलं. "म्या म्हनलं, मले चालत जाचं हाये, तू तं बसेलच राह्यशीन. छागल म्या घेऊन गेलतो साहेब. रस्त्यानं अर्धीबी पेलो नाई. वापस आलो तं तिच्यात पानी होतं, अन् तो गेलता."

ट्रकवरच्या फावड्याने नाल्याच्या काठी त्याला पुरलं. माणूस मेल्याचं सांगितलं तर लाकडाचीही चौकशी होणार, म्हणून तांड्यावर जाऊन तो एका बाईसोबत पळाल्याची गोष्ट सांगितली. लोकांनी ती आनंदाने मानली. अशा गोष्टींना पुरावा कोणी मागत नाही.

मी लेखणी खाली ठेवली. रागाच्या भरात त्याने हमालाला मारलं असतं तर मला ते समजलं असतं. असे गुन्हे मी रोज हाताळत होतो. पण मेलेल्या माणसावर व्यभिचाराचा डाग लावायचा, जित्या बाईला वर्षानुवर्षं त्या डागाखाली ठेवायचं, तिच्याच तांड्यावरून जाताना रामराम घ्यायचा! आणि हाच माणूस लिंबाखाली इतरांना सांगत होता, त्याला सोडून जाऊ नका. मला संताप आला आणि त्या धड्याची आठवण होऊन गलबलूनही आलं. दोन्ही एकदम झालं, त्याला माझा इलाज नव्हता.

मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून, पंच आणि डॉक्टर घेऊन आम्ही नाल्यावर गेलो. मुकादमांनी जागा स्वतः दाखवली. हाडं मिळाली, आणि मनगटाच्या जागी चांदीचं कडं. त्यावर ठोकलेली नक्षी तिच्या सासऱ्याच्या हातची होती, बाईने लांबूनच ओळखली. तिथेच खाली बसून तिने एकेक चुडी उतरवली. ती रडली नाही. तांड्यावरच्या ज्या बायांनी तिला नावं ठेवली होती, त्याच तिच्याभोवती बसून मोठ्याने रडत होत्या. ते ऐकवत नव्हतं.

ठाण्यात पुरवणी जबाबाला ती आली तेव्हा मुकादम व्हरांड्यात बसवलेले होते. त्यांनी हात जोडले. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, मला म्हणाली, "म्या त्या दिशी माफी देल्ली, ते दारी आलेल्या म्हाताऱ्याले देल्ली. मह्या मानसाचं पानी नेनाऱ्याले नाई. ते माफी वापस घेतली, असं लिव्हा."

कायद्याने अशा वाक्याला काही अर्थ नाही. मी ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि तिचा अंगठा घेतला. मुकादमांनी मान खाली घातली ती कोर्टात शिक्षा ऐकेपर्यंत वर केली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं की गुन्ह्याचं नाव न घेता मागितलेली माफी हाही एक लपवण्याचा प्रकार असतो, आणि ती हसत देऊन टाकणारे आपण त्या लपवण्याला हातभार लावतो. त्यानंतर कोणी माझ्यापुढे मोघम हात जोडले की मी विचारू लागलो, कशाबद्दल? पुष्कळांना ते आवडत नसे.

म्हातारी मंडळी मुकादमांशिवाय गेली. बागवान चाचांनी सगळ्यांना नेलं, छत्र्यांना एकाच रंगाच्या चिंध्या, प्रत्येकाला आपली छागल, आणि सगळे सुखरूप परत आले. पावसाळ्याच्या तोंडावर चाचा मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्याचा लहानसा डबा घेऊन ठाण्यात आले आणि म्हणाले, मला तांड्यावर घेऊन चला. तिथे त्यांनी बाईला पहिल्यांदा हेच सांगितलं की हे पाणी मुकादमाने पाठवलेलं नाही, मी आणलं आहे, आणि ते फार पवित्र आहे, आजारपणात घोट घे.

बाईने डबा दोन्ही हातांत धरला आणि घरात न जाता जंगलाच्या रस्त्याला लागली. आम्ही मागोमाग गेलो. नाल्याच्या काठी, जिथे आम्ही खणलं होतं, तिथे तिने तो थेंबभरही न ठेवता हळूहळू ओतला. ओतून झाल्यावर आपण काही चुकीचं तर केलं नाही ना, अशा नजरेने तिने चाचांकडे पाहिलं. त्यांनी दुआसाठी हात वर केलेले होते.

"त्याले तहान लागेल होती," ती म्हणाली.