चोवीसनंतर नऊ

दोरामावशींच्या हातात नवं पुस्तक दिलं, की त्या ते आधी स्वतःच्या गालावर घासायच्या. चारही कोपरे, एकेक करून. कोपरा टोचला तर पुस्तक परत. "लेकरं पुस्तक आधी चावतेत, मंग त्याच्यावर निजतेत. वाचायचं लई मागून," असं त्यांचं म्हणणं. मी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं लिहितो, आणि माझ्या साहित्याची इतकी रोखठोक समीक्षा दुसऱ्या कुणीही केलेली नाही.

गारखेड्यातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात मावशी घडीच्या आणि शिलाईच्या कामाला होत्या. छापलेला मोठा कागद दुमडून आठ पानांची एक घडी करायची, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून सुईदोऱ्यानं शिवायचे. पातळ पुस्तकांना बाकीच्या बायका सरळ तारेच्या पिना मारत. मावशी पिनेला हात लावत नसत. पीन निघते आणि लेकरू गिळतं, एवढंच त्यांचं कारण. दुकानाचा मालक चिडायचा. मी तर जास्तच, कारण माझ्या प्रकाशनाच्या दिवशी निम्मी पुस्तकं अजून मावशींच्या मांडीवर असायची. दोरामावशी हे नाव चेष्टेनं मीच ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं, की चेष्टा वायाच गेली.

त्यांना अक्षरओळख नव्हती. पण हातात आलेलं प्रत्येक पुस्तक त्या चित्रांवरून एकदा पाहून घेत. माझ्या एका बडबडगीतात हत्ती पाहुणा म्हणून घरी येतो आणि चहा पितो. ते पाहून मावशींनी विचारलं, हत्ती घरात आला तो एवढ्याशा दारातून आला कसा? मी त्यांना बालमन आणि कल्पनाशक्ती यांवर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसंल. पण लेकरू इचारंल." दुसऱ्या आवृत्तीत चित्रकारानं दाराची मोडलेली चौकट काढली. तेव्हापासून मुलं ते पान सोडत नाहीत. माझं गीत मात्र एकालाही पाठ नाही.

मग मी चरित्रांकडे वळलो. चोवीस पानांत एक थोर आयुष्य, पानागणिक एक चित्र. पहिलं पुस्तक खेड्यातून शिकून डॉक्टर झालेल्या एका बाईंचं होतं. नाव सांगत नाही, माझ्यामुळे त्यांची आधीच पुरेशी अडचण झाली आहे. तीन फर्म्यांचं पुस्तक. कुठल्या फर्म्यानंतर कुठला, हे दाखवायला नमुन्याची वही करून द्यायची असते. ती मी हौसेनं स्वतः केली आणि दुसरा-तिसरा फर्मा उलटसुलट लावला. पन्नासेक प्रती शिवून झाल्यावर मावशींनी एक उघडून पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

"साहेब, ही बाई मेल्यावर शाळंत कशी काय गेली?"

मी आधी हसलो. मावशी, तुम्हाला वाचता येत नाही ना, म्हणून तसं वाटतंय, असंही म्हणालो. "वाचता येत नाय," त्या म्हणाल्या, "पण दिसतंय की." मी पाहिलं. चोविसाव्या पानावर डॉक्टरबाई खाटेवर कायमचे डोळे मिटून पडलेल्या, दाराशी गाव गोळा झालेलं. त्याच्यासमोरच नववं पान: दोन वेण्या घातलेली मुलगी पाटी घेऊन शाळेला निघालेली. आणि पुस्तक संपत होतं सोळाव्या पानावर. तिथे शिकून आलेली बाई एसटीतून उतरते आहे, आणि एक लहानगी हात पसरून तिच्याकडे धावते आहे.

मावशींनी त्या पन्नास प्रती उसवल्या, एकही पान न फाडता, आणि नीट लावून पुन्हा शिवल्या. एक मात्र तशीच बाजूला ठेवली. ही मला राहू द्या, म्हणाल्या. मी उदारपणे दिली. रद्दीच होती माझ्या लेखी.

वर्षभरानं त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. दुकानात तेव्हा गरम डिंकाचं यंत्र आलं होतं. फर्म्यांची दुमडलेली पाठ कापायची, डिंक लावायचा, झालं. मावशींचे डोळे अधू झाले होते. मोतीबिंदू म्हणत, आणि त्या घरीच बसून होत्या. नवी आवृत्ती दाखवायला मी पडेगावला त्यांच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेलो. ओट्यावर त्यांची चार वर्षांची नात आरू माझंच पुस्तक पोटाशी धरून बसलेली. लेखकाला याहून काय हवं? पण पुस्तक तेच निघालं, उलट्या फर्म्यांचं. कोपरे चावून गोल झालेले, शेवटचं पान बोटांनी काळं पडलेलं.

माझं नाव असलेली चुकीची प्रत एका बालवाचकाच्या हातात! मी तत्परतेनं ती काढून घेतली आणि 'चि. आरूस अनेक आशीर्वाद' असं लिहून, ऐटबाज सही ठोकून नवी प्रत तिच्या हातात दिली. मावशींनी डोळे बारीक करून ती पाहिली, शेवटचं पान हातानं चाचपलं.

"आता शेवटाला मरंल की ती."

"चरित्र असंच असतं, मावशी. माणूस शेवटीच मरतो."

"तसं काय नसतंय, साहेब," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली.

जुनी प्रत मी वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातली.

दोनेक महिन्यांनी मावशी दुकानात आल्या, सुनेचा हात धरून. माझ्याचसाठी थांबल्या होत्या. त्यांची लेक, म्हणजे आरूची आई, सिल्लोडला दिलेली होती, ती तिथेच तापानं गेली होती. हे मला तेव्हा कळलं. आरूला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आई एसटीनं येणार आहे. आरू रोज ते पुस्तक उघडायची. बाई आजारी पडायची, खाटेवर निजायची, मग वेण्या घालून शाळेत जायची आणि शेवटी एसटीतून उतरायची. शेवटचं पान आलं, की आरू पुस्तक मिटून जेवायला बसायची. नवं पुस्तक तिनं एकदाच पाहिलं. खाटेच्या पानावर पुढचं पान शोधत राहिली. आता ती त्याला हात लावत नव्हती.

तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. विचारायला माझी जीभ कशी रेटली, देव जाणे.

"तुमी लिवलेलं. तुमचंच बरूबर आसंल, म्हनलं." मग म्हणाल्या, "चाचपून का हुईना, मी सोता उसवलं आसतं. पण ह्ये डिंकाचं हाय. दोरा उसवता येतो, साहेब. डिंक फाटतो. दोऱ्यातलं एखादं जुनं बघा की माझ्यासाठी. उलटं तुमीच लावून आना, मला आता सुईचं भोक दिसंना."

बघतो, म्हणालो. या आठवड्यात बघतो. माझ्याकडच्या जुन्या प्रती नातेवाइकांत वाटून संपल्या होत्या. एकाला फोन केला, त्यानं उचलला नाही, आणि काम केल्याचं समाधान मला महिनाभर पुरलं. पुढे मी आणखी चार थोर माणसं चोवीस पानांत संपवली. शाळाशाळांतून 'मुलांचं मन ओळखा' या विषयावर व्याख्यानं दिली. टाळ्या पडत. मावशींचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा मी म्हणालो, लक्षात आहे. आणि खरोखरच लक्षात होतं. लक्षात ठेवून न करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

अशी तीन वर्षं गेली. मग एकदा दुकानात गेलो, तर घडी घालणाऱ्या बायकांतली एक मान वर न करता म्हणाली, दोरामावशी गेल्या, महिना झाला.

त्यानंतर मात्र मी आठ दिवसांत प्रत मिळवली. सिल्लोडच्या एका शाळेच्या कुलूपबंद कपाटात पहिल्या आवृत्तीच्या दहा होत्या, कोऱ्या करकरीत. कुणी उघडल्याच नव्हत्या. एक मागून आणली, उसवली, फर्मे उलटे लावले आणि शिवली. बोटाला तीनदा सुई टोचली. माझ्या चुकीची हुबेहूब नक्कल करायला मला अख्खी दुपार लागली.

आरू आता दुसरीत आहे. ओट्यावर बसून तिनं पुस्तक घेतलं आणि आधी कोपरा गालावर घासला. मी दुसरीकडे पाहिलं. ती पानं उलटत गेली. खाट आली. तिची नजर समोरच्या पानावर गेली आणि ती थांबली. बोट चित्रावर नव्हतं, खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होतं.

"काका, चोवीसनंतर नऊ आलंय."

ते मुद्दामच तसं लावलंय, मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, थकलेल्या बाईनं पाहावं तसं.

"चुकलंय तुमचं."

आत जाऊन तिनं आजीचा पत्र्याचा डबा आणला. सुई, मेण लावलेला दोरा, बोथट कात्री. माझी शिलाई तिनं दोन मिनिटांत उसवली. हे कुणी शिवलंय, असं विचारलं. बाइंडरनं, असं मी सांगितलं. एसटीचा फर्मा हातात आला तेव्हा ती जरा वेळ त्या धावणाऱ्या मुलीकडे बघत राहिली.

"ही बाई आधी उतरती," ती म्हणाली, "मंग मरती."

तिनं तो फर्मा मधे सरकवला, खाटेचं पान शेवटी घातलं, कडा मांडीवर ठोकून सारख्या केल्या आणि शिवायला घेतलं. आजीसारखीच, टाका ओढताना ओठ मिटून. शेवटी दोन गाठी मारल्या, दातानं दोरा तोडला आणि पुस्तक मला परत दिलं.

"घ्या. आता बरूबर झालं."