सरांसाठी पाहिलेली चित्रं

धारवाडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी हुबळीच्या रेल्वे कामगाराची मुलगी. चित्र म्हणजे घरातली बुद्धाची तसबीर, एवढंच ठाऊक. आणि माझ्याकडे काम आलं कलेच्या इतिहासाची पुस्तकं जमवण्याचं.

तो विषय शिकवणारे सर गावातल्याच सप्तापूर भागात एकटेच राहत. दर शनिवारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसत. "अक्का, नुसतं नाव बघून पुस्तक घ्यायचं नाही. छपाई बघ. रंग खोटा असला तर पोरं खोटंच शिकतील." नमुन्याला आलेलं पुस्तक खिडकीशी नेऊन बघत आणि मनास आलं नाही तर सरळ परत पाठवत. दहा वर्षांत दोन कपाटं भरली.

मग एका शनिवारी त्यांनी खिडकीशी धरलेलं पुस्तक उलटं होतं.

"सर, उलटं धरलंय."

ते हसले नाहीत. "मग तूच सांग, काय दिसतंय."

त्यांना काचबिंदू होता. वर्षभर कुणाला बोलले नव्हते. तेव्हापासून मी बघायची, ते निवडायचे. अजिंठ्याचं पुस्तक आलं तेव्हा मी अडखळत सांगितलं, "हातात कमळ आहे. डोळे खाली. अंग भाजल्या विटेसारखं."

"आणि मागचा अंधार? काळा की हिरवट?"

"हिरवट."

"घे मग."

ते निवृत्त झाले, तरी येत राहिले. पुढे विद्यार्थी नाहीत म्हणून तो विषयच बंद झाला. कपाटांच्या जागी कॉम्प्युटर आले. पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखालच्या खोलीत गेली. बाद पुस्तकांची यादी मीच केली.

शनिवारी सरांनी विचारलं, "नवीन काय आलंय?" मला खरं सांगवेना. समोर पुस्तक नसताना मी आठवणीतलं एक चित्र सांगू लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तर आपण कधीच घेतलंय, अक्का. बाकीची कुठं आहेत?"

मी सांगितलं. ते काठी चाचपत उठले. पुढचे दोन शनिवार आले नाहीत.

त्याच पंधरवड्यात पाऊस लागला आणि त्या खोलीत ओल आली. गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून बसली. सातआठ पुस्तकं तेवढी शाबूत राहिली, ती मी संदर्भ विभागात लावून घेतली आणि सांगायला सप्तापूरला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण कन्नडमध्ये म्हणाली, "गेले ते. चार दिवस झाले. कुणाला कळवायचं, आम्हाला माहीतच नव्हतं."