पेटन न्हाव्याच्या गावातलं तोंडी मतदान

व्हर्जिनियातल्या मिलवूड गावी कोर्टाच्या समोरच पेटन न्हाव्याचं दुकान होतं. पेटन काळा, पण गुलाम नव्हे. त्याची आई स्वतंत्र होती, म्हणून तोही. गावातले बडे गोरे त्याच्या खुर्चीत गळा उघडा टाकून बसायचे आणि त्याच्याच लोकांचं काय करायचं यावर तावातावाने भांडायचे. कॅन्ससमध्ये गुलाम नेऊ द्यायचे की नाही, पळालेला गुलाम उत्तरेकडच्या बिनगुलामीच्या राज्यांनी परत करायचा की नाही, देवाच्या मनात नक्की काय आहे. पेटनने मात्र हूं की चूं करायचं नाही. गरम फडकं, साबण, वस्तरा आणि "खरंय, साहेब." संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं भणभणायचं.

त्याची बायको केझिया गुलाम होती, आणि तिचा मालक खुद्द पेटन. त्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. जुन्या धन्याकडून त्याने तिला सोडवली, पण कायद्याच्या लेखी ती खरेदीच. बरं, मुक्त करावी, तर मुक्त झालेल्याने वर्षाच्या आत राज्य सोडायचं, नाहीतर पुन्हा लिलाव. असला कायदा करणाऱ्यांच्या दाढ्या पेटन इमानेइतबारे करत होता, आणि आपला संसार मालमत्ता म्हणून सांभाळत होता.

"मालक, भाकरी गार होतेय," केझिया मुद्दाम हाक मारायची. मक्याची भाकरी, काकवी आणि हा टोमणा रोजचा.

पेटन हसायचा, पण त्याला ते झोंबायचं. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या छातीत कफ घर करून बसला होता. आपण मेलो तर केझिया विधवा ठरणार नाही, मागे राहिलेलं सामान ठरेल, ही धास्ती त्याला खात होती.

त्याची सगळी आशा न्यायाधीश हारग्रोव्हांवर. "चार वजनदार माणसांनी तोंड उघडलं, की विधिमंडळ तिला मुक्त झाल्यावरही इथेच राहायची सूट देईल," असं ते दाढी करून घेताना सांगायचे. "मी बोलतो ना, पेटन! तू निर्धास्त राहा." मग काही ना काही आडवं यायचं. कॅन्ससमध्ये खून पडले, थांब. गुलामांना सोडवायला निघालेल्यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, लोक बिथरलेत, आता विषयसुद्धा काढू नकोस. उत्तरेचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, दक्षिणेची कापूसवाली राज्यं देशातून फुटून निघाली, आता तर अजिबात नको. देशात कुठेही काही जळलं, की त्याचा धूर नेमका पेटनच्या घरात शिरायचा.

"ओहायोला जाऊ या, तिथे गुलामी नाही," केझिया म्हणायची. "तिथल्या लोकांना काय दाढ्या येत नाहीत?"

"इथे माझं नाव आहे. जजसाहेबांचा शब्द आहे."

"शब्द! खुर्चीतून उठले की तो फडक्याबरोबर झटकून जातात."

मे महिन्यात मतदान आलं. व्हर्जिनियाने देशातून फुटायचं की नाही, हे लोकांनी ठरवायचं होतं. तिकडे मत तोंडाने द्यायची रीत. कोर्टाच्या पायऱ्यांवर टेबल मांडायचं, कारकुनाने नाव पुकारायचं आणि माणसाने सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगायचं. सकाळी हारग्रोव्ह ताठ बसून दाढी करून गेले. "मी 'नाही' म्हणणार. हा देश माझ्या आजोबांनी उभा केलाय," असं म्हणाले. पेटनला उगाच बरं वाटलं. तो दारात जाऊन उभा राहिला.

पायऱ्यांजवळ तरुण पोरं बंदुका घेऊन उभी होती. एका सुताराने "नाही" म्हटलं, तर त्याची टोपी उडवली आणि त्याला धक्के मारत रस्त्यावर आणलं. मग हारग्रोव्हांचं नाव पुकारलं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "फुटण्याच्या बाजूने." टाळ्यांनी कोर्ट दणाणलं.

दुपारी ते परत आले. घामाघूम झाले होते. "तोंड पुसून दे रे," म्हणाले. "काय करणार? पाहिलंस ना तू?"

"पाहिलं, साहेब." पेटनने वस्तरा दूरच ठेवला आणि फडकं भिजवलं. "केझियाचं तेवढं..."

"अरे, आता कसलं केझियाचं! लढाई होणार. संपली की बघू."

"आणि तोवर मी मेलो तर?"

हारग्रोव्हांनी ओल्या फडक्याखाली डोळे मिटले होते. "मग विकतील तिला," ते कायदा समजावून सांगावा तसं शांतपणे म्हणाले. "तुझ्या मागे दुसरं आहेच काय? ही खुर्ची आणि ती."

पेटनने दुकान बंद केलं. स्वतःच्या देशासाठी ज्याला एक शब्द बोलवला नाही, तो आपल्या बायकोसाठी गावासमोर बोलेल, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. घरी येऊन त्याने केझियाला सगळं सांगितलं, हारग्रोव्हांना शिव्या घातल्या, आणि बोलता बोलता खोकल्याची उबळ आली.

केझियाने पाणी दिलं. तो शांत होईपर्यंत ती थांबली.

"त्यांच्या तोंडाकडे बघत बसलास जन्मभर," ती म्हणाली. "मी काय म्हणत होते? मुक्त कर, वर्ष मिळतं, चालत जाईन. वर्षात ओहायोच काय, आणखी लांब गेले असते."

"मी बरोबर आलो नसतो तर?"

"तर एकटी गेले असते."

या उत्तराची पेटनला भीती होती, म्हणूनच त्याने तो प्रश्न आजवर विचारला नव्हता. जजसाहेबांचा शब्द, दुकान, नाव, या सगळ्याच्या मागे तेवढी भीतीच होती.

"उद्या जाऊ," तो म्हणाला. "मुक्तीचा कागद सकाळी करून घेतो."

"कोण करून देणार? कोर्टाचा कारकून मतदान आटोपताच फौज गोळा करायला गेलाय. आणि दुपारपासून नदीच्या पुलावर पहारा बसलाय. काळ्या माणसाला पलीकडे सोडत नाहीत. मालकाबरोबर असला तरी."