मामीच्या शेजारची जागा

आमच्या दफनभूमीत फाटकाजवळची पहिली रांग पुढाऱ्यांची. ज्यांनी जिल्ह्याचा कारभार केला ते, आणि ज्यांनी तो करू दिला नाही तेही, सगळे तिथे खांद्याला खांदा लावून आडवे झालेत. त्यांतल्या बहुतेकांच्या कबरी माझ्या मामांनी खोदल्या. "या लोकांना एका ओळीत गप्प बसवणं फक्त मलाच जमलं," असं म्हणून मामा स्वतःच खो खो हसायचे.

मामांचा हात साफ होता. वरच्या गवताचे चौकोन कापून ते ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे आणि माती लोटून झाली की पुन्हा जागच्या जागी बसवायचे. आमच्याकडे राखीव जागेला कागद नसे. ज्याची जागा राखायची त्याच्यासाठी कबर खोदणारा एक लाकडी खुंटी ठोकायचा, आणि त्या खुंटीला कोणी हात लावत नसे.

मामी गेली तेव्हा मामांनी तिच्यासाठी उताराच्या टोकाची जागा निवडली. तिथे नुसता दगडगोटा होता, कोणी ढुंकूनही बघत नसे. तिच्या शेजारी त्यांनी स्वतःसाठी खुंटी ठोकली. मामांचे शाळेपासूनचे दोस्त तेव्हा जिल्ह्याचे अध्यक्ष होते, तेही मातीला आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही जागा तुझी. मी असेपर्यंत हिला हात लावायची कोणाची हिंमत नाही."

मग मामा त्या जागेमागे हात धुऊन लागले. दगड वेचले, चांगली माती आणून टाकली, मामीच्या पलीकडून पावसाच्या पाण्यासाठी चर काढला, कडेला झुडपं लावली आणि जुन्या फळ्यांचं एक बाकडं केलं. त्या बाकड्यावर सुट्टीच्या दुपारी अध्यक्ष येऊन बसू लागले. मामा थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे धरायचे.

"काय जागा केलीयस रे!" अध्यक्ष म्हणायचे. "इथून मोठा रस्ता कसा थेट दिसतो."

मामांची छाती फुगायची. घरी येऊन आम्हाला ऐकवायचे, "एवढा मोठा माणूस, पण मला विसरला नाही." दर वेळी तेच वाक्य. माझे कान किटले होते.

अध्यक्ष वारले, तेव्हा दफनभूमीच्या कचेरीतून माणूस आला. कबर मामीच्या शेजारी, खुंटीच्या जागी खोदायची होती. पहिली रांग भरली होती आणि अध्यक्षांनी स्वतःच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.

मामा आधी हसले. "काहीतरी घोळ झालाय तुमचा. ती जागा माझी आहे. हवं तर त्यालाच विचारा," म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

मी तणतणत कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने उत्तर दिलं, की नुसत्या खुंटीवर जागा राहत नसते. तिथे अध्यक्षांची मुलगी बसली होती, डोळे रडून सुजलेले. ती इतकं हळू बोलली की मला धड भांडताही येईना.

"बाबांचीच इच्छा होती, ताई. दर सुट्टीला जागा बघायला जायचे. आल्यावर सांगायचे, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माझा दगड दिसला पाहिजे. ती जागा तुमच्या मामांची आहे, हे कधी बोललेच नाहीत."

मी घरी येऊन मामांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"खोदू नका तुम्ही," मी म्हणाले. "आणू दे त्यांना मशीन."

"मशीन आलं तर हिच्या बाजूची माती ढासळेल. हिच्याजवळ दुसऱ्याचं फावडं मी जाऊ देणार नाही."

खुंटी त्यांनी स्वतःच उपटली. मग कबर खोदली, नेहमीसारखीच नेटकी. मामीच्या बाजूला फळ्या लावून माती तोलून धरली. पलीकडे त्यांचाच चर, त्यामुळे तिच्या दुसऱ्या अंगालाही आता जागा नव्हती. दफनाला मोटारींची रांग लागली. एका पुढाऱ्याने गळा काढून सांगितलं की अध्यक्षांनी आयुष्यात कधी शब्द मोडला नाही. माझं डोकं भडकलं. मामा फावड्यावर हात ठेवून उभे होते. लोक पांगल्यावर त्यांनी माती लोटली आणि गवताचे चौकोन एकेक करून बसवले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बसले होते. टेबलावर ती खुंटी, तिची माती पुसलेली. मी अध्यक्षांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"जागा गेली ती गेलीच गं," ते म्हणाले. "पण मला वाटायचं, तो मला भेटायला येतो."