मागचा चाप, पुढचा चाप

आमच्या मामेसासऱ्यांइतका हलक्या हाताचा माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. इतवारीत त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. त्या गल्लीत दिवसभर हातगाड्या, टेम्पो आणि घंगाळं एकमेकांवर आदळत असतात, पण तिथे उभा जन्म काढूनही मामांच्या हातून साधा पेला कधी वाजला नाही. दार ते लोटत नाहीत, अलगद टेकवतात. स्कूटरचा हॉर्न त्यांनी वापरल्याचं कुणाला आठवत नाही; पुढचा माणूस बाजूला होईपर्यंत ते थांबतात. आणि अशा माणसाचा एकुलता एक शौक म्हणजे ठासणीची बंदूक. ती उडाली की रायफल क्लबाच्या मैदानावरचे बगळे थेट शेजारच्या गावी जाऊन बसतात.

बंदूक त्यांच्या आजोबांची. आजोबांच्या काटोलला संत्र्याच्या बागा होत्या आणि जंगल खात्यातल्या कुण्या गोऱ्या साहेबानं देश सोडताना ती त्यांना दिली होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी गजानं ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, घोडा चढवायचा, असा सगळा सत्यनारायणाच्या पूजेसारखा सावकाश मामला. पण मामांचा जीव अडकलेला तो तिच्या दोन चापांत. एरवी बंदुकीला एक चाप असतो. हिला एकामागे एक असे दोन आहेत.

ही दोन चापांची भानगड मला कळली ती मुलगी पाहायला गेलो तेव्हा. पोहे आले, बाकीच्यांनी पगार विचारला, गाव विचारलं. मग मामा आत गेले आणि उंदीर मारायचा लोखंडी चाप घेऊन आले. तो त्यांनी माझ्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"हा लावून दाखवा," मामा म्हणाले.

मी दोन्ही अंगठ्यांनी स्प्रिंग मागे रेटली आणि काडी अडकवली. कपाळाला घाम आला. मामांनी खराट्याचा एक हीर घेऊन पुढच्या पत्र्याला नुसता टेकवला. खटकन् चाप मिटला. पलीकडे माझ्या वडिलांच्या हातातला चहा सांडला.

"लावायले जोर लागला?"

"लागला."

"अन् सुटायले?"

"काहीच नाही."

"बस, तेच. मागचा चाप ओढला की आतली स्प्रिंग ताणून बसते. सगळा जोर तिथंच खर्च होते. मग पुढच्याले बोट टेकवलं की काम झालं. जोर लावून चाप ओढला तर नळी हालते, अन् गोळी भलतीकडे जाते." एवढं सांगून ते बहिणीकडे वळले. "पोराले समजते. देऊन टाक पोरगी."

लग्न ठरलं ते असं. पगाराचा विषय पुन्हा निघालाच नाही.

दोन चापांच्या मध्ये एक बारीक पेच आहे. तो आत फिरवला की पुढचा चाप हलका होतो, बाहेर काढला की जड. मामांनी तो इतका हलका ठेवला होता की त्यावर माशी बसली तरी बंदूक उडेल, असं क्लबात म्हणत. मामा ते नाकारत नसत. "माशी बसूच देत नाही मी," एवढंच म्हणत. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा मामा ती दुलईत गुंडाळून रिक्षानं नेतात आणि पोरगी सासरी धाडल्यासारखे परत येतात. एकदा मी सोबत होतो. "मागच्या चापाले कोणी हात लावू नका," मामांनी हवालदाराला बजावलं. तो म्हणाला, "काका, इथं पुढच्यालेही कोणी लावत नाही. टेन्शन घेऊ नका."

गेल्या हिवाळ्यात क्लबानं जुन्या बंदुकांची स्पर्धा ठेवली. मामा पुढे होते आणि शेवटची गोळी राहिली होती. नियमाप्रमाणे त्यांनी आधी नेम धरला, मग मागचा चाप ओढला. टक् असा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बोट पुढच्या चापाकडे गेलं, आणि त्याच वेळी निशाण्यामागच्या मातीच्या बांधावर एक बाई चढली. तिची बकरी कुंपणातून आत शिरली होती आणि ती बकरीमागे आली होती.

कुणी ओरडलं नाही. ओरडलो असतो तर मामा दचकले असते. मामांनी बोट बाहेर काढलं. नळी हळूहळू पुढच्या जमिनीकडे झुकवली. अंगठ्यानं घोडा घट्ट धरला, पुढच्या चापाला बोट लावलं आणि झोपलेल्या लेकराला गादीवर ठेवावं तसा घोडा खाली उतरवला. मग तांब्याची टोपी काढून खिशात टाकली. तोवर वेळ संपली होती. पंच म्हणाले, राहिलेली गोळी मारा. समोरचा स्पर्धकही म्हणाला, मारा काका. मामांनी मान हलवली आणि बंदूक पिशवीत घातली.

परतताना मी त्यांच्या हाताचं कौतुक करत गाडी चालवत होतो. मामा म्हणाले, "बोट बाहेर काढलं तवा चापाले घासून गेलं, जावईबापू. हात थरथरते आजकाल."

मी गाडी कडेला घेतली. "मग उडाली कशी नाही?"

"दिवाळीतच पेच बाहेर काढून ठेवला. चाप जड करून टाकला. कोणाले सांगितलं नाही."

त्या जड चापानं ते त्या दिवशी पुढे होते. आणि माशीची गोष्ट क्लबात लोक अजून सांगत होते, तीही त्यांनी निमूट ऐकून घेतली होती.

त्याच आठवड्यात त्यांनी परवाना मुलीच्या नावावर करायला अर्ज दिला. वसुधाताई महाविद्यालयात शिकवते. ती आता रविवारी क्लबात जाते आणि मामा मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. मागच्या रविवारी मीही गेलो होतो. तिनं नेम धरला. मामा निशाण्याकडे पाहत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते, श्वास तिच्याबरोबर रोखला होता. आवाज झाला, धूर त्यांच्या अंगावरून गेला.

"कुठं लागली, बाबा?" तिनं विचारलं.

"तू सांग वं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "मले धूर घेऊ दे थोडा."