मानपत्रातली चाळीस घरं

मी मानपत्रं लिहितो. कुणीतरी लिहावीच लागतात. आमच्या कॉलेजचं माजी विद्यार्थी मंडळ दर जानेवारीत पाच कर्तबगार माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करतं, आणि त्या पाचांची मानपत्रं गेली सव्वीस वर्षं माझ्या गळ्यात आहेत. सुरुवात झाली तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होतो. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, गुडघे गेले, पण मानपत्रं काही सुटली नाहीत. सव्वाशेच्या वर माणसांचा गौरव केला की गौरवाचाच शीण येतो. माझ्या मानपत्रांत आजवर एकही आळशी माणूस आलेला नाही. कुणी कधी वेळ वाया घालवलेला नाही, आणि प्रत्येकाने आईवडिलांचं नाव उज्ज्वल केलेलं आहे. खाली सह्या अध्यक्ष आणि सचिव करतात. लिहिणाऱ्याची सही नसते, आणि खरं सांगायचं तर तीच त्यातली सोय आहे.

यंदा सचिव सलिलचा फोन आला. हा एकेकाळचा माझा विद्यार्थी, आता हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाला, "सर, चार नावं नेहमीसारखी झालीत, इंडस्ट्री आणि अब्रॉड. लोक बोलायला लागलेत. म्हणून एक ग्राउंड लेव्हलचा घेतलाय."

जमिनीवरचा तो माणूस म्हणजे नासिर तांबोळी. बी. एस्सी. रसायनशास्त्र, १९८०. शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी, आता निवृत्त.

माझा एक जुना नियम आहे. कागदावरची माहिती घेऊन मी मानपत्र लिहीत नाही, माणसाच्या घरी जाऊन तासभर बसतो. त्याप्रमाणे स्वारगेटहून कोंढव्याची बस धरली आणि अर्धा रस्ता उभा राहून गेलो. तांबोळी दारातच उभे होते. उंच, वाकलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. त्यांनी पहिल्यांदा मला पाणी दिलं आणि मी ते पिईपर्यंत पेल्याकडे बघत राहिले.

मी नेहमीचे प्रश्न काढले. आयुष्यातली मोठी कामगिरी कोणती? ते विचारात पडले. म्हणाले, तसं काही नाही. संकटाचा प्रसंग? तसाही फारसा नाही. पुरस्कार? नाही. मी वही मिटायच्या बेतात होतो. मग ते सावकाश म्हणाले, "सर, काही झालं नाही, हेच माझं काम होतं."

हळूहळू कळत गेलं. रोज सकाळी पेठापेठांतून नळाच्या पाण्याचे नमुने यायचे. ते तपासायचे, आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे आणि खाली सही करायची. ईद असो, दिवाळी असो, पाणी सुट्टी घेत नाही. मुलीच्या, अर्शियाच्या, निकाहच्या दिवशीसुद्धा सकाळी सात वाजता ते प्रयोगशाळेत होते. न पाहिलेला आकडा त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही लिहिला नाही. दोनदा वरून सांगणं आलं, तरी नाही. त्यापायी बढती पाच वर्षं अडली, हे त्यांनी नाही, त्यांच्या पत्नी शहजादी यांनी सांगितलं. चहा ठेवता ठेवता त्या असंही म्हणाल्या की पाणी चांगलं आलं म्हणून फोन करणारा माणूस या शहरात अजून जन्माला यायचाय, गढूळ आलं की मात्र सगळ्यांना आमचा नंबर पाठ. सत्कार घ्यायला तांबोळी तयार नव्हते, या बाईंच्या हट्टापायी झाले होते.

मग पोपटची गोष्ट निघाली. पोपट हा नमुने गोळा करणारा शिपाई. खडकवासल्याजवळच्या गावचा, म्हणजे ज्या धरणाचं पाणी शहर पितं त्याच्या काठचा. सायकलला बाटल्यांची पेटी बांधून तो तीस वर्षं बोळाबोळांत फिरला. नळावरच पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरिन आहे, पाणी ठीक. रंग आला नाही, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे शब्दशः खरं.

एका एप्रिलमध्ये एका बोळातल्या नळाला रंग आला नाही. पोपटने नमुना भरून प्रयोगशाळेत आणून द्यायचा, एवढंच त्याचं काम. खोल तपासणीला दुसरा दिवस उजाडणार होता. पोपटने सायकल तिथेच लावली आणि बोळातल्या चाळीस घरांची दारं वाजवली. पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून द्या. लोकांनी शिव्या दिल्या, एका बाईने ओतायचं पाणी त्याच्याच अंगावर ओतलं. संध्याकाळपर्यंत तो बोळाच्या तोंडाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तांबोळींच्या तपासणीत पाणी दूषित निघालं. खणल्यावर जुना पाइप तडकलेला सापडला, शेजारून गटाराची वाहिनी. त्या बोळात एकही माणूस आजारी पडला नाही.

"रजिस्टरमध्ये सही माझी आहे," तांबोळी म्हणाले. "नमुना आणणाऱ्याच्या सहीला तिथे जागाच नसते. सर, दोन गोष्टी कराल? पोपटला पुढच्या रांगेत बसवा. आणि जे झालं तेच लिहा."

मी हो म्हणालो. परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली, आणि किती तरी वर्षांनी एखादं मानपत्र लिहावंसं वाटलं.

लिहिलंही. सलिलने वाचून फोन केला. मंडळाचा नियम माझ्या लक्षात नव्हता असं नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका मानपत्रात सत्कारमूर्तीच्या गुरुजींचं नाव आलं आणि दुसऱ्या गुरुजींचे शिष्य सभागृहातून उठून गेले. तेव्हापासून ठराव आहे. मानपत्रात आईवडील सोडून दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं नाही, त्यातून माजी विद्यार्थी नसेल तर नाहीच. "पोपट आपला अॅल्युम्नस नाही ना सर," सलिल म्हणाला. "आणि तो प्रसंगच वगळला तर मग यात काही घडतच नाही. तुम्ही बघा कसं बसतंय. छपाईला आज द्यायचंय."

अजून दोन मानपत्रं व्हायची होती. गुडघा ठणकत होता. भांडायला हवं होतं, ते मला कळत होतं, पण इतक्या वर्षांत न भांडण्याची सवय लागली होती. मी पोपटचं नाव काढलं. घरं मात्र चाळीसच ठेवली. 'स्वतःच्या कर्तव्याची सीमा ओलांडून आपण चाळीस घरांची दारं ठोठावलीत आणि एका वस्तीचे प्राण रक्षिलेत,' असं सुबक वाक्य झालं. त्यात आपण म्हणजे तांबोळी. पाच मिनिटांचं काम होतं.

सत्काराच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पहिल्या चार रांगा राखीव निघाल्या, त्यामुळे पोपट पाचव्या रांगेत. धुवट पांढरा शर्ट, टोपी, हात मांडीवर. सत्तरीला टेकलेला तो माणूस व्यासपीठावरच्या साहेबांकडे एकटक बघत होता. तांबोळी पाच खुर्च्यांत शेवटच्या खुर्चीवर होते. अमेरिकेतल्या शल्यविशारदांच्या शेजारी ते खुर्चीच्या कडेवरच टेकले होते, कुणी उठवलं तर बरं अशा बेताने.

मानपत्र सत्कारमूर्तीला आधी दाखवायची पद्धत नाही, तो ते व्यासपीठावरच ऐकतो. निवेदिकेने स्वच्छ आवाजात वाचलं. चाळीस घरांपाशी ती जरा थांबली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी तीच. मी पोपटकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता. इतरांच्या थांबल्या तरी जरा वेळ त्याच्या चालूच होत्या.

तांबोळींची मान खाली गेली. शाल, नारळ, चौकटीतलं मानपत्र हातात आल्यावर ते ध्वनिक्षेपकाकडे वळले, पण आमच्याकडे पाचांच्या वतीने एकानेच उत्तर द्यायची पद्धत आहे. ते शल्यविशारदांनी दिलं, बावीस मिनिटं. तांबोळींना खाली बसवण्यात आलं. चहाच्या वेळी ते माझ्या समोरून सरळ निघून गेले. आयुष्यभर मी लोकांचा गौरव केला, पण एखाद्या माणसाला भर सभेत खोटं पाडलं ते त्या दिवशी. आणि तेही शाल पांघरवून. मला लाज वाटली, आणि ती घेऊन मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सदाशिव पेठेतल्या माझ्या घराची घंटा वाजली. तीन जिने चढून तांबोळी आले होते. हातात पिशवी, पिशवीत मानपत्र. चौकटीचे मागचे खिळे काढून कागद त्यांनी मोकळा करून आणला होता. धाप लागली होती. मी पाणी दिलं. ते त्यांनी उजेडाकडे धरलं, हुंगलं आणि मग प्यायले.

मी बोलायला सुरुवात केली. नियम सांगितला, छपाईची घाई सांगितली, गुडघासुद्धा सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काल निघताना पोपट एवढंच म्हणाला, साहेब, छान लिहिलंय तुमच्यावर. मी रिक्षा करतो म्हणालो, तर नको म्हणाला. चालत गेला."

मी म्हणालो, नवीन कागद छापून देतो. माझ्या खर्चाने, आजच्या आज, पोपटच्या नावासकट. मंडळ गेलं खड्ड्यात. त्यांनी मान हलवली.

"रजिस्टरचं पान बदलत नाहीत, सर. चुकलेला आकडा खोडरबराने घालवत नाहीत, गिरगोटूनही टाकत नाहीत. त्याच्यावरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा. शेजारी सही, तारीख. चुकलं होतं हे दिसायला हवं."

त्यांनी खिशातून पट्टी आणि पेन काढलं. कागद माझ्या टेबलावर पसरला आणि सोनेरी वेलबुट्टीच्या मधोमध त्या 'आपण'वरून एक सरळ रेघ मारली. वर बारीक, वळणदार अक्षरांत लिहिलं, 'नमुना गोळा करणारे पोपट यांनी'. वाक्याचं शेपूट काही आता जुळत नव्हतं. मराठीचा मास्तर असून मला ते अजिबात खुपलं नाही.

मग पेन माझ्यापुढे धरलं. "सही तुमची. लिहिलं तुम्ही."

सव्वीस वर्षांत माझी सही असलेलं हे पहिलं मानपत्र. तारीख घालताना आकडा जरा वाकडा आला.

"आता चला," ते म्हणाले. "काल मोठ्याने वाचलं होतं. आजही मोठ्याने वाचायला हवं, आणि ते तुम्हीच."

पर्वतीच्या पायथ्याशी पोपटच्या दोन खोल्या. त्याच्या सुनेने सतरंजी टाकली, नातीने टीव्ही बंद केला. आम्हा दोघांना बघून पोपट उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. मी वाचायला लागलो. माझी मानपत्रं मी कधी स्वतः मोठ्याने वाचलेली नव्हती. किती अवघड शब्द घालतो मी, ते तिथे कळलं. सुनेला निम्मे कळले नसतील. पण त्या वाक्यापाशी आलो, पोपटचं नाव वाचलं, तशी तिने चटकन सासऱ्याकडे पाहिलं. तिला हे कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पोपटने टोपी काढून हातात धरली. मग तांबोळींना म्हणाला, "साहेब, राग नका मानू. चाळीस नव्हती ती. एकेचाळीस घरं हाईत त्या बोळात. एकाला कुलूप होतं, तिथं म्या दाराला चिठ्ठी लावली."

तांबोळी एकदम ताठ झाले. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत आकडा चुकला की ते असेच होत असणार. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सतरंजीवर ठेवला, पट्टी लावली आणि चाळीसवर रेघ मारली. वर लिहिलं, एकेचाळीस. मी सही करायला हात पुढे केला.

"तुमची नाही," तांबोळी म्हणाले, आणि पेन पोपटच्या हातात दिलं. "आकडा त्याने सांगितला. सही त्याची."

पोपट खाली बसला. टोपी बाजूला ठेवली, हात शर्टाला पुसले आणि विचारलं, कुठं करू? तांबोळींनी आकड्याशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तो सावकाश, एकेक अक्षर काढत सही करत होता, आणि ती पुरी होईपर्यंत तांबोळींनी बोट उचललं नाही.